मीराबचं पाणी

खैरखाना खिंड ओलांडली की काबूलचा धूर मागे राहतो आणि समोर शोमालीचं मैदान पसरतं. पश्चिमेला पगमानची डोंगररांग, पूर्वेला दूरवर बगरामच्या धावपट्टीचा सपाट पट्टा आणि मधे नजर पोहोचेल तिथवर द्राक्षवेली. इथे मांडव नाही, तारा नाहीत, लोखंडी अँगल नाहीत. मातीचे उंच वरंबे, त्यांच्या मधून खोल चर आणि वरंब्यांच्या अंगावर पसरलेल्या वेली. पाणी चरातून फिरतं, वेल वरंब्याच्या आधारानं वर येते आणि घड उतारावर विसावतात.

मी तासगाव भागातल्या द्राक्ष-बेदाण्याच्या घरात वाढलो. आमच्या बागांत वर्षानुवर्षं नांदलेली थॉमसन सीडलेस आणि इथली किशमिशी या दोन जाती जनुकीय तपासणीत एकच निघाल्या आहेत. नाव कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदाराचं लागलं, पण वेल याच बाजूची. चाळीस वर्षांची लढाई आणि २०२१ ते २०२३ असा सलग तीन वर्षांचा दुष्काळ सोसलेल्या देशात ही वेल आणि तिला जगवणारा शेतकरी कसे सावरताहेत, ते पाहायला मी २०२४ च्या सप्टेंबरात आलो होतो. बरोबर काबूलचा एक तरुण होता. पुण्यात शेतीशास्त्र शिकून परतलेला, हिंदी सफाईदार, मराठी मोडकं. मला तो सुरुवातीपासून ‘दादा’च म्हणत होता.

त्याची पहिली सूचना दगडांबद्दल होती. “दादा, रस्ता सोडायचा नाही. दगड लाल दिसला तर पुढे पाऊल टाकायचं नाही. पांढरा असेल तर सुरुंग काढलेत.” अफगाणिस्तानात सुरुंग काढण्याचं काम १९८८ पासून सुरू आहे. आधी रशियन सैन्यानं, मग आपापसांत लढणाऱ्या टोळ्यांनी ते पेरले आणि युद्धाच्या शेवटच्या वीस वर्षांत रस्त्याकडेला पुरलेल्या घरगुती बॉम्बची त्यात भर पडली. शोमालीतल्या बहुतेक बागा आता मोकळ्या झाल्या आहेत. पण ज्या रानात कुदळ मारायला माणूस दहा-वीस वर्षं धजावला नाही, ते रान साफ झाल्यावरही लगेच पिकत नाही. चर बुजलेले असतात, बांध ढासळलेले असतात आणि बांध कुठून कुठे होता हे सांगणारी म्हातारी माणसं गेलेली असतात.

कराबाग जिल्ह्यातल्या एका बागेत आम्ही थांबलो. बागेचे मालक सत्तरीचे. पेशावरच्या निर्वासित छावणीत काही वर्षं काढल्यानं त्यांना उर्दू येत होतं. मी त्यांना काका म्हणू लागलो. तिथेही वडीलधाऱ्याला काकाच म्हणतात. मातीच्या भिंतीलगत तुतीच्या सावलीत गालिचा अंथरला गेला, हिरवा चहा आला, घडांनी भरलेलं ताट आलं. मी घड हातात घेऊन काडीची जाडी आणि मण्याचा गर पाहू लागलो, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा नीट न्याहाळलं आणि विचारलं, “तुमच्याकडे छाटणी कधी?” आमच्या दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, हे ऐकून त्यांना नवल वाटलं. त्यांच्या वेली हिवाळाभर बर्फाखाली झोपतात. वर्षातून एकदा जाग, एकदा छाटणी, एकदा पीक.

मग ते १९९९ च्या उन्हाळ्याबद्दल बोलले. तेव्हा तालिबानी फौजा शोमालीत घुसल्या, लोकांना हाकलून लावलं, घरं पेटवली, बागा जाळल्या, झाडं तोडली आणि कालवे आणि कारेझ (जमिनीखालचे पाट) उद्ध्वस्त केले. काकांनी वर्ष सांगितलं, करणाऱ्यांचं नाव घेतलं नाही. आज सत्ता त्यांचीच आहे. मीही विचारलं नाही. ते म्हणाले, “वेल जाळून मरत नाही, पोरा. मूळ खोल असतं. वेल मारायची तर पाणी मारावं लागतं. त्यांनी आधी पाणी मारलं.”

त्याच काळात, १९९८ पासून सुमारे चार वर्षं, देशात भीषण दुष्काळ होता. सांभाळायला माणूस नाही, वरून बर्फ नाही, खालून पाणी नाही. २००२ मध्ये पाकिस्तान आणि इराणमधून अठरा लाखांच्या आसपास माणसं परतली, त्यांत काकांचं कुटुंब होतं. बागेत त्यांना काळी खोडं दिसली. चराच्या तळाशी जिथे थोडी ओल टिकली होती, तिथल्या खोडांना बुंध्यापासून फूट आली होती. बाकीच्या बागेत नव्यानं काड्या लावाव्या लागल्या.

इथे मला तासगावातला हिशेब आठवला. काडी लावल्यापासून पहिलं पीक हाती यायला तीन वर्षं जातात, बाग भरात यायला त्याहून जास्त. म्हणजे द्राक्ष लावणाऱ्याला तीन वर्षांची खात्री लागते. जमीन आपल्याच ताब्यात राहील, पाळीला पाणी येईल, माल नेणारा ट्रक चौकीवर लुटला जाणार नाही. आणि तोवर घर चालवायला कर्ज लागतं. इथे बँक शेतकऱ्यापर्यंत आधीही क्वचितच पोहोचायची; २०२१ नंतर देशाची परदेशातली गंगाजळी गोठवली गेली आणि शहरी माणसालाही खात्यातले पैसे काढणं अवघड झालं. जमिनीचं तर आणखी अवघड. राजाच्या काळचा कागद, कम्युनिस्ट राजवटीनं वाटलेल्या जमिनीचा कागद, नंतरच्या कुणा कमांडरनं दिलेला कागद. एकाच बागेवर दोन-तीन घरांचा हक्क निघतो आणि छावणीतून परतलेल्याला आपल्याच बांधावर परका ठरवलं जातं. युद्ध थांबलं की शेती आपोआप सुरू होते, असं दुरून वाटतं. गहू कदाचित होतो, कारण त्याला एक हंगाम पुरतो. बाग होत नाही.

काकांची बाग उभी राहिली ती पाळीच्या पाण्यामुळे. चहानंतर ते मला कालव्याच्या तोंडाशी घेऊन गेले. पगमानच्या बाजूनं येणारा ओढा तिथे एका दगडी बांधाशी फुटतो आणि लहान पाट वेगवेगळ्या बागांकडे वळतात. तिथे उभा असलेला माणूस मीराब. मीराब म्हणजे पाण्याचा कारभारी. त्याला गावकरी निवडतात, मोबदला धान्यात देतात आणि त्याचा शब्द मानतात. कुणाची पाळी किती वेळाची, रात्रीची पाळी कुणाला, पाटातला गाळ काढायला कुठल्या घरानं किती माणसं द्यायची, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. कागदावर फारसं काही नसतं. लढाईच्या वर्षांत काही ठिकाणी बंदूकवाल्यांनी पाटांची दारं ताब्यात घेतली, मीराब पळाले, वरच्या बागा भिजल्या आणि टेलच्या वाळल्या. लोक परतल्यावर या गावानं घरांच्या भिंतींबरोबरच मीराबही पुन्हा उभा केला.

मी त्याला विचारलं, दुष्काळात काय केलं? तो म्हणाला, “पाणी अर्धं झालं तर पाळी अर्धी झाली. सगळ्यांची. माझी पण.” त्या तीन वर्षांत गावानं काही वेली मुद्दाम सोडून दिल्या. प्रत्येक घरानं आपल्या बागेचा एक भाग वाळू दिला, म्हणजे उरलेला सगळ्यांचा जगेल. हा निर्णय किती कठीण असतो, ते हातानं लावलेली वेल ज्यानं वाळताना पाहिली आहे त्यालाच कळेल.

या देशाचं धरण म्हणजे हिंदुकुशवरचा बर्फ. हिवाळ्यात पडायचा, उन्हाळाभर हळूहळू वितळायचा आणि नेमका मणी भरण्याच्या दिवसांत पाटात उतरायचा. काबूलकर म्हणतात, काबूल सोन्यावाचून राहील, बर्फावाचून नाही. आता बर्फाऐवजी पाऊस जास्त पडतो, जो बर्फ पडतो तो लवकर वितळतो. वसंतात पूर येतो आणि जुलैत पाट कोरडा. २०२४ च्या मे महिन्यात बगलान प्रांतात अचानक आलेल्या पुरात शेकडो माणसं गेली, गावंच्या गावं चिखलात गाडली गेली. तीन वर्षं पाण्यासाठी आकाशाकडे पाहणाऱ्या देशावर पाणी असं कोसळलं. दुष्काळात कडक झालेल्या, चराई आणि लाकूडतोडीनं उघड्या पडलेल्या डोंगरउतारांनी ते पाणी धरून ठेवलं नाही.

काकांच्या बागेच्या टोकाला किशमिशखाना होता. जाड मातीच्या भिंती, त्यांत उभ्या फटी, आत आडव्या वाशांना टांगलेले घड. कोरडा वारा फटींतून आरपार जातो आणि सावलीत सुकलेला बेदाणा हिरवा राहतो. आमच्याकडे द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीवर टाकतो, पंधरवड्यात बेदाणा होतो. इथे रसायन नाही, पण आठवडेच्या आठवडे जातात. जाड सालीची द्राक्षं ते कंगिनामध्येही ठेवतात. चिखल आणि भुशाच्या दोन वाट्या उन्हात वाळवायच्या, आत घड ठेवून एकमेकींवर झाकायच्या आणि सांधा ओल्या मातीनं बंद करायचा. सहा-सहा महिने द्राक्षं ताजी राहतात. शीतगृह नाही, वीज बेभरवशाची, अशा ठिकाणी गरीब शेतकरी मातीच्या जोरावर वसंतातल्या नवरोजपर्यंत, म्हणजे भाव चढेपर्यंत, थांबू शकतो.

पण सगळा माल कंगिनात मावत नाही. ताज्या द्राक्षाला बाजार लागतो आणि मोठी गिऱ्हाइकं सीमेपलीकडे आहेत. तोरखमचं फाटक पाकिस्तानशी खटका उडाला की बंद होतं. २०२३ च्या सप्टेंबरात, ऐन हंगामात, ते आठवड्याहून अधिक बंद राहिलं आणि ट्रकच्या रांगेत फळं सडली. काबूलच्या मंडवी बाजारातला एक व्यापारी मला सांगत होता, त्या आठवड्यात भाव सांगायला कुणी तोंड उघडत नव्हतं. सांगली-तासगावच्या बेदाणा सौद्यात भाव पडला तर शेतकरी निदान माल परत न्यायचा विचार करू शकतो. तोरखमच्या रांगेत उभ्या असलेल्या पेट्यांना परतीचा रस्ताही नसतो.

पुढचा टप्पा कंदाहार, काबूलहून सुमारे पाचशे किलोमीटर. गझनी आणि झाबुल मागे टाकत रस्ता दक्षिणेला उतरतो. प्रांतागणिक परवानगीचा कागद दाखवावा लागतो. डांबरात बॉम्बचे खड्डे अजून आहेत, गाडी त्यांना वळसे घालत जाते. झाबुलच्या माळावर मला कारेझ दिसले. डोंगराच्या पायथ्यापासून गावाकडे येणारी मातीच्या ढिगांची सरळ रांग, जशी ओळीनं बसलेली वारुळं. प्रत्येक ढिगात मधोमध एक विहीर आणि सगळ्या विहिरी खालून एका बोगद्यानं जोडलेल्या. वरची मूळ विहीर डोंगरातल्या पाण्याला टेकते, बोगदा हलक्या उतारानं ते पाणी गावात आणून उजेडात सोडतो. ना मोट, ना इंजिन. मलिक अंबरानं सतराव्या शतकात औरंगाबादेत केलेली नहर-ए-अंबरी याच घराण्यातली.

कारेझची खरी थोरवी त्याच्या मर्यादेत आहे. डोंगरात जेवढं मुरतं, तेवढंच तो देतो. जास्त ओढायचं म्हटलं तरी ओढता येत नाही. आणि तो एकट्याचा असू शकत नाही. बोगदा ढासळला तर आत उतरणारे कारेझकन लागतात आणि त्यांची मजुरी सगळ्या गावानं मिळून द्यावी लागते. रशियनांविरुद्धच्या लढाईत मुजाहिद याच बोगद्यांत लपत, म्हणून कितीतरी कारेझ स्फोटानं उडवले गेले. पण जे तोफांतून वाचले, ते आता कंदाहार भागात शांततेच्या काळात आटताहेत. कारण मला कंदाहारजवळच्या पंजवाईत दिसलं.

पंजवाईचे किशमिशखाने शोमालीपेक्षा मोठे. २००६ च्या लढाईत त्यांच्या जाड भिंतींआडून तालिबान लढले, पुढच्या वर्षांत परदेशी फौजांनी त्यांतले अनेक पाडले. आता पुन्हा बांधलेले काही दिसतात. आणि प्रत्येक दुसऱ्या शेतात सौर पॅनलच्या ओळी. चिनी पॅनल स्वस्त झाले तशी गेल्या दहाएक वर्षांत कंदाहार-हेलमंदमध्ये हजारो बोअर सौर पंपावर चढल्या. डिझेलचा खर्च नाही, मीराबच्या पाळीची वाट नाही. एक तरुण शेतकरी अभिमानानं म्हणाला, “सूर्य उगवला की पाणी सुरू. कुणाला विचारायची गरज नाही.” त्याच्या दृष्टीनं तो बरोबर होता. लहानपणापासून त्यानं पाहिलं होतं की सरकार बदलतं, कमांडर बदलतो, कालव्याचं दार कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. आपल्या बांधात, आपल्या पैशानं, आपल्या पाइपातून आलेलं पाणी एवढंच त्याला खरं वाटत होतं. पण त्याच्या शेताच्या वरच्या अंगाला गावाचा कारेझ होता आणि त्याच्या तोंडाशी ओलसुद्धा नव्हती. भूजल मूळ विहिरीच्या तळाखाली गेलं होतं. शेजाऱ्यानं बोअर दोनदा खोल केली होती. ज्याच्याकडे पॅनलला पैसे नव्हते, त्याच्या डाळिंबाच्या झाडांची पानं सप्टेंबरातच करपलेली होती.

त्याच गावात मला एक भूमिहीन वाटेकरी भेटला. एप्रिल २०२२ मध्ये अफूबंदी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २०२२ मध्ये देशात २,३३,००० हेक्टरवर अफू होती, २०२३ मध्ये १०,८०० हेक्टर उरली. शेतकऱ्यांना अफूतून मिळणारं उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर आलं. अफू हे विष आहे; काबूलच्या पुलांखाली त्याची शिकार झालेली माणसं मी पाहिली आहेत आणि बंदी नको होती असं मी म्हणणार नाही. पण या वाटेकऱ्याचा हिशेबही ऐकायला हवा. अफूला कमी पाणी लागे, चीक वर्षभर टिके, तोरखमच्या रांगेची भीती नसे. व्यापारी घरी येऊन उचल देई. बोंडांना चिरे पाडायला हात लागत, म्हणून जमीनदार त्याला घरासाठी जागा आणि वाट्यानं रान देई. गहू आला तसं जमीनदाराला त्याचे हात नकोसे झाले. घर गेलं, उचलीचं कर्ज राहिलं. ज्यांच्याकडे जमीन आणि साठवलेला माल होता, ते बंदीत तरले. भाव वाढल्यानं काहींना फायदाही झाला. पर्याय म्हणून बाग लावा, असं त्याला सांगणं म्हणजे जमीन, पाणी आणि तीन वर्षं या तिन्ही गोष्टी नसलेल्या माणसाला सल्ला देणं.

या सगळ्या प्रवासात शेतातली अर्धी माणसं मला दिसली नाहीत. बेदाणा निवडणं, गायी-शेळ्या, बियाणं राखणं, वाळवण, हे काम बायका अंगणात करतात आणि अंगण माझ्यासारख्या परक्या पुरुषाला बंद. पण डिसेंबर २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांत काम करायला बायकांना बंदी झाली, तेव्हापासून ते अंगण मदतीलाही बंद झालं आहे. पुरुष कार्यकर्ता आत जाऊ शकत नाही आणि बाई कार्यकर्तीला कामावर जाऊ दिलं जात नाही. लढाईत नवरा गमावलेल्या बाईच्या नावावर बियाण्याची पिशवी नोंदवायची कुणी? देशातली दहापैकी सात माणसं गावात राहतात. त्यांतल्या निम्म्या माणसांना वगळून शेती सावरणार नाही, हे कराबागच्या काकांनाही पटत होतं. “मळणीचा हिशेब तुझ्या काकूकडेच असतो,” ते म्हणाले होते.

पंजवाईत सौर पंपाचं पाणी पाहताना मला आमचा जत-कवठेमहांकाळचा पट्टा आठवत होता. आम्ही काही लढाई पाहिली नाही, तरी तिथवरच पोहोचलो. एकाची बोअर पाचशे फूट, शेजाऱ्याची आठशे, तिसऱ्याची हजार. दुष्काळाच्या वर्षी बागा जगवायला विकतचे टँकर. आणि आपल्याकडेही मीराब होता. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम नद्यांवरच्या फड पद्धतीत पाटकरी पाळी लावायचा, जागल्या राखण करायचा, फडात कुठलं पीक घ्यायचं ते गाव मिळून ठरवायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड पडीक ठेवले जात. वर धरणं झाली, विहिरींवर पंप बसले आणि ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी मोडून गेली. म्हणून अफगाण शेतकऱ्याचा प्रश्न मला परका वाटत नाही.

अफगाणिस्तानाला बाहेरून मदतही मिळाली आहे. भारतानं तिथे हरी रूद नदीवर बांधलेलं सलमा धरण २०१६ मध्ये सुरू झालं. ४२ मेगावॅट वीज आणि ७५,००० हेक्टर सिंचन हा त्याचा उद्देश. अशी कामं लागतातच. गव्हाची पोती लागतात, सुरुंग काढणारे लागतात, पंपही लागतात. तरी शोमाली आणि पंजवाई पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. कराबागचं गाव पंजवाईपेक्षा श्रीमंत नव्हतं, तिथे बर्फ काही जास्त मुरव्वतीनं पडला नव्हता. तिथे पाणी अर्धं झालं तेव्हा पाळी अर्धी करायची हिंमत असलेला एक माणूस होता आणि त्याचं ऐकणारी घरं होती. युद्ध माणसाला एकटं जगायला शिकवतं, आणि एकट्याची सोय पाहणाऱ्या शेतीला दुष्काळ झेपत नाही. म्हणून अफगाणिस्तानात, आणि आपल्या अवर्षणी तालुक्यांतही, मदतीचा पहिला पैसा सामाईक कामांवर पडला पाहिजे: पाटातला गाळ काढायला, कारेझकनच्या मजुरीला, बोअरच्या खोलीवर गावानं घातलेल्या मर्यादेला, भूमिहीनालाही वाटा देणाऱ्या पाळीपत्रकाला. शेतकऱ्याला पंप देणं सोपं आहे, त्याचा फोटोही निघतो. शेजाऱ्याच्या पाळीवर विश्वास ठेवता येईल अशी व्यवस्था त्याला परत मिळवून द्यायला वर्षं लागतील. पण द्राक्षवेल लावणाऱ्याला वर्षं मोजण्याची सवय असते. त्याच्या मागे उभं राहणाऱ्यांनीही ती लावून घ्यायला हवी.